संभाव्य कुटुंब

५ फेब्रुवारी, सोमवार

दादा गेल्यापासून आज पहिल्यांदा त्याच्या खुर्चीत बसलो. माझ्या टेबलावर सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसाने आपले सामान मांडले होते, म्हणून बसावे लागले. खुर्ची डावीकडे कलते. इतकी वर्षे समोर बसून मला हे कळले नव्हते.

लोकांची महिन्याची बचत फंडांत गुंतवून द्यायची, तिचा हिशेब ठेवायचा आणि बाजार पडला की त्यांना धीर द्यायचा, एवढाच आम्हा दोघा भावांचा धंदा. पहिले आणि शेवटचे काम दादाचे, मधले माझे. त्यासाठी आमच्याकडे एक जुना प्रोग्राम, काही एक्सेल फाइली आणि दादाचे डोके एवढी सामग्री होती. त्यातले डोके गेले, आणि उरलेल्याचा काही उपयोग नाही हे दुसऱ्याच आठवड्यात कळून चुकले. कोणाचा हप्ता कधी संपतो, कोणाला काय कबूल केले आहे, काही पत्ता नाही. लोक फोन करतात आणि मी "बघून सांगतो" म्हणतो. असेच चालले तर वर्षभरात लोक दुसरीकडे जातील आणि वहिनीच्या घरात येणारे पैसेही थांबतील.

चांगले सॉफ्टवेअर घेऊ, असे मी दादाच्या किती मागे लागलो होतो. "घेऊ की, घाई काय आहे?" हे त्याचे उत्तर. आता घेतले. वहिनी भागीदार झाली आहे, तिने सही केली. "भाऊजी, तुम्हाला योग्य वाटेल ते करा, मला त्यातलं काय कळतंय," म्हणाली. सही करायला तिने दादाचाच चष्मा लावला होता.

कंपनीचा माणूस दर वाक्यात "एका क्लिकवर" म्हणतो. दादाने त्याला क्लिकराव केले असते. त्याच्याकडे प्रत्येकासाठी असे एक नाव होते: 'दोनदा फोन', 'छत्रीवाले', 'दातवाल्या बाई'. मी यांना खाते क्रमांकाने ओळखतो, चेहऱ्याने नाही.

८ फेब्रुवारी, गुरुवार

सगळी माहिती नव्या सिस्टिममध्ये चढवली आणि ती मध्येच अडकली. क्लिकराव पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, "सर, या तीसेक लोकांचा मोबाइल एकच आहे. ईमेल पण एकच."

पाहिले तर नंबर दादाचा. ईमेलही दादाची.

"हे चालत नाही सर आता. खात्यावर एजंटचा नंबर नको, असा नवा नियम आहे. सिस्टिम पुढे जाऊच देणार नाही."

मला त्याच्यासमोर लाज वाटली. फॉर्म भरताना माणसाला नंबर विचारायचा कंटाळा, म्हणून आपलाच टाकून द्यायचा. दादाचा हा स्वभावच. अक्षरही तसेच, कोंबडीचे पाय. आई त्याला त्यावरून बोलायची आणि तो हसायचा. मी हिशेब नीट ठेवत असे तरी आई माझ्याकडे बघून तशी कधी हसली नाही. हे इथे लिहायचे कारण नव्हते.

क्लिकरावाने उपाय दाखवला. सिस्टिम स्वतःच पत्ता आणि आडनाव ताडून बघते आणि 'संभाव्य कुटुंब' म्हणून जोड्या लावून देते. खाली विचारते, 'हे सदस्य एकाच घरातले आहेत का?' आपण 'हो' दाबायचे. मग सगळ्या घराचा एकच रिपोर्ट तयार होतो आणि कुटुंबप्रमुखाच्या ईमेलवर जातो. घरातल्या बाकीच्यांना वेगळा नंबर लागत नाही, प्रमुखाचाच चालतो.

"घरटी एक रिपोर्ट, सर. लोक खूश होतात."

त्या यादीतले बहुतेक जण आमच्याच कुठल्या ना कुठल्या गुंतवणूकदाराच्या घरातले निघाले. अडचण इतकी सोपी असेल असे वाटले नव्हते.

११ फेब्रुवारी, रविवार

वहिनीकडे गेलो होतो. दादाचा मोबाइल तिच्या उशाशी असतो. म्हणाली, सकाळी सकाळी त्यावर फोन येतात. "बायकांचे असतात. मी हॅलो म्हटलं की ठेवून देतात. एकीने तर नुसतंच ऐकलं थोडा वेळ." मग विचारले, "तुम्हाला काही ठाऊक आहे का, भाऊजी?"

"काय ठाऊक असणार? राँग नंबर असतील," मी म्हणालो. "नंबर बंदच करून टाकू. उगाच बिल कशाला भरायचं."

ती "बरं" म्हणाली आणि खिडकीकडे बघत बसली. थकली आहे. नंबर बंद करण्याचा अर्ज मीच भरून दिला.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

चार्जर ऑफिसात राहिला होता म्हणून लवकर गेलो. शटरपाशी एक बाई उभी होती. हातात डबा, बोटांच्या टोकांना पांढरट काहीतरी लागलेले, खडूसारखे. मला बघून दोन पावले मागे सरली.

"दादा...?" तिने विचारले.

मी सांगितले. तिला ठाऊक होते. मान हलवून म्हणाली, "हो, कळलं मला. फोन लागेना म्हणून आले. आता सकाळी कोणी बसत नाही का?"

"ऑफिस दहाला उघडतं."

"दहाला मला नाही जमत हो. माझंही काम दहालाच सुरू होतं."

"मग फोन करा," मी म्हणालो आणि ऑफिसच्या नंबराचे कार्ड दिले. तिने ते घेतले, उलटे करून पाहिले आणि म्हणाली, "फोनवर नको." मग गेली.

दादा रोज तासभर आधी येऊन बसायचा. मला वाटायचे, घरी वहिनी पेपर नीट वाचू देत नसेल. चार्जर दादाच्या खणात सापडला. तिथेच दोन कप उपडे घातलेले होते. आम्ही दोघे टपरीवरून चहा मागवायचो, टपरीच्याच ग्लासात प्यायचो. हे कप कशाला होते कोण जाणे.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सगळ्या जोड्यांना 'हो' केले. सुरुवातीला एकेक वाचून करत होतो. मग क्लिकरावाने वरचा चौकोन दाखवला. त्यात खूण केली की सगळ्यांना एकदम 'हो' होते. तसे केले. लाल अक्षरे एकेक करून हिरवी झाली. खरे सांगायचे तर बऱ्याच दिवसांनी बरे वाटले. दादाला दाखवावेसे वाटले. तो म्हणाला असता, "झालं का तुझ्या मनासारखं?"

जेवताना हिला सांगितले. रविवारी पहिला रिपोर्ट सगळ्यांना आपोआप जाणार.

"सगळ्यांना?" हिने विचारले.

"सगळ्यांना. घरटी एक."

"आपल्या घरचाही?"

"आपला काय, माझं आणि मुलीचं, दोन खाती. जाईल तोही."

ही पोळी तव्यावर टाकून उभी राहिली ती पोळी करपेपर्यंत. मग म्हणाली, "रविवारीच कशाला? दादांना जाऊन अजून दोन महिनेही झाले नाहीत. थोडं थांबलं तर बिघडेल का?"

मला बरे वाटले. दादाबद्दल हिला इतके वाटते, हे ती कधी बोलून दाखवत नाही. पण थांबता येणार नव्हते. मी समजावून सांगितले.

१८ फेब्रुवारी, रविवार

रिपोर्ट गेले. मी घरीच होतो. ही दिवसभर कपाटे आवरत होती. संध्याकाळी म्हणाली, "तुमची मेल बघितलीत का?"

"कुठली?"

"नाही, सहज. रिपोर्ट नीट गेले का ते."

"क्लिकरावाने नमुना दाखवला होता. सारखेच असतात सगळे."

ती काही वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चहा टाकू?"

१९ फेब्रुवारी, सोमवार

दिवसभर फोन. बरेचसे कौतुकाचे. छत्रीवाले म्हणाले, "धाकटे, तुम्ही तर एकदम बँकच करून टाकलीत." 'दोनदा फोन'नी आज एकदाच फोन केला, यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र नाही. दोघातिघांनी नुसतेच "मेल कोणी पाठवली?" असे विचारून फोन ठेवला. एका तरुणाने खाते बंद करायला सांगितले. कारण विचारले तर म्हणाला, "वडिलांना विचारा. आता त्यांनाच सगळं माहीत आहे."

मला त्याचा रोख कळला नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार

टाइल्सवाले आले. जुने गुंतवणूकदार आहेत, मोठे दुकान आहे. दारातूनच हात पुढे केला.

"धाकटे, तुम्ही तर कमाल केलीत! अहो, आमच्या घरात खजिना आहे आणि मलाच पत्ता नाही!"

ते हसत होते. रिपोर्टची प्रिंट काढून आणली होती. तिसऱ्या ओळीत त्यांच्या बायकोचे खाते. पगारातून दरमहा, बऱ्याच वर्षांपासून.

"मी विचारलं, ही काय भानगड आहे? तर काही बोलेचना. मी म्हटलं, अगं, मी रागावलोय का? उलट शाबासकी देतोय. बायको असावी तर अशी. मी गोदामासाठी बँकेच्या पायऱ्या झिजवतोय आणि ही घरात बसून गोदाम बांधतेय!" त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "काढायला काय लागतं? माझी सही चालेल?"

"त्यांचीच लागते," मी म्हणालो.

"मग गुरुवारी घेऊन येतो तिला. सुट्टी टाकायला लावतो."

ते गेल्यावर मी ते खाते उघडले. मोबाइल, ईमेल, दोन्ही आधी दादाचे होते, आता टाइल्सवाल्यांचे. व्यवसायापुढे जुन्या प्रोग्राममधून आलेली नोंद होती: डेंटल लॅबमध्ये कृत्रिम दात बनवणे. म्हणजे दातवाल्या बाई. उद्देशापुढे, आम्ही जिथे मुलांचे शिक्षण, म्हातारपण असे लिहितो तिथे, दादाने भरले होते: स्वतःची डेंटल लॅब.

यादीतली बाकीची खाती उघडायला माझा हात धजेना.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

दोघे आले. मी तिला लगेच ओळखले. शटरपाशी उभी होती तीच बाई. आज बोटे घासून स्वच्छ केलेली होती.

टाइल्सवाल्यांना मध्येच दुकानातून फोन आला आणि ते बाहेर जिन्यावर जाऊन बोलू लागले. तेवढा वेळ आम्ही दोघेच होतो. मी हळू आवाजात म्हणालो, "बाई, तुमच्या सहीशिवाय कोणी एक पैसा काढू शकत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर..."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "सही माझी आहे. पण घरही माझंच आहे ना? नाही म्हणून संध्याकाळी जायचं कुठे?"

मी फॉर्म सरळ केला. तो सरळच होता.

"दादांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कागद घरी पाठवू नका. ऑफिसातच राहू द्या, मी येऊन बघत जाईन. ते म्हणाले, बरं. इतकंच. कारणही विचारलं नाही. मीच मग पुढे कधीतरी सांगितलं." तिने पेन उचलले. "दात भाजायची भट्टीसुद्धा बघून ठेवली होती मी. वापरलेली, पण चांगली. पुढच्या वर्षी सुरू करायचं असं आमचं ठरलं होतं. त्या दिवशी तेच विचारायला आले होते, आता कोणाशी बोलायचं म्हणून."

"मला ठाऊक नव्हतं," मी म्हणालो.

"नसणारच. दादा सांगत नसत." हे ती रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर मला सोपे गेले असते.

टाइल्सवाले आत आले. "झालं? इतका वेळ सहीला? हिचं असंच आहे, भाजी घ्यायलाही तासभर." ते हसले. तिने सही केली. अक्षर फार सुंदर आहे. जाताना ती खुर्ची नीट आत सरकवून गेली.

मी दहाला उघडतो म्हणालो होतो. किल्ली तर हातातच होती. आत ये म्हटले असते तर झाले असते.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

क्लिकरावाला फोन केला. परत सुटे करता येते का विचारले.

"येतं की सर, एका क्लिकवर. पण सर, गेलेली मेल परत येत नाही." मग म्हणाला, "आणि मेल द्यायचीच नसेल तर 'समक्ष' म्हणून एक पर्याय असतो. नंबर-ईमेल कोरं राहिलं तरी चालतं मग. कोणी वापरत नाही म्हणून दाखवला नव्हता."

मीही विचारला नव्हता. सगळी कुटुंबे पुन्हा उघडून ते तीसेक जण सोडवायचे आहेत. एकदम नको, एकेक करून करायचे ठरवले आहे.

रात्री हिला दातवाल्या बाईंचे सांगितले. मी सहसा ऑफिसातले घरी बोलत नाही. ही धुतलेले कपडे घडी करत होती.

"मग तिने काय केलं?"

"सही केली."

"सही केली," ही म्हणाली. हातातली घडी मोडून परत घातली. "आणि त्याने काय म्हटलं? नवऱ्याने?"

"तो तर खूश होता."

"खूश होता," ही म्हणाली आणि कपडे ठेवायला आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. परक्या बाईसाठी इतके वाईट वाटून घेते.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

कालपासून दादाच्या वेळेला शटर उघडतो. या लोकांना कळवायचे तरी कसे? पत्र टाकले तर घरच्यांच्याच हाती पडणार. नंबर दादाचा होता आणि तो मीच बंद करून टाकला. येतील त्यांची वाट बघणे एवढेच हातात आहे.

काल कोणी आले नाही. आज एक म्हातारे गृहस्थ आले. धाकट्या मुलीसाठी साठवतात. थोरल्यांना कळू द्यायचे नाही. रिपोर्ट थोरल्याकडे गेला होता. "कळलं ते कळलं," म्हणाले, "आता तो माझ्याशी बोलत नाही, एवढंच." मी माफी मागितली. त्यांनी दादाच्या कपातून चहा घेतला आणि बाजाराचे विचारले. धीर कसा द्यायचा मला येत नाही. मी आकडे सांगितले. ते म्हणाले, "ते राहू द्या. तुम्ही रोज उघडणार का या वेळेला?"

"हो."

"मग ठीक आहे."

दुपारी वहिनीकडे जाऊन सांगितले, त्या फोन करणाऱ्या बायका कोण होत्या ते. तिने दादाचा चष्मा काढून मांडीवर ठेवला. "मी काय काय मनात आणलं, भाऊजी," म्हणाली. "ते असतानाही असे फोन यायचे. शेवटच्या महिन्यात त्यांच्याशी धड बोलले नाही. ते विचारायचे, काय झालं? मी म्हणायचे, काही नाही."

मी तिच्याजवळ बसून राहिलो. दादा असता तर त्याला काहीतरी सुचले असते.

२ मार्च, शनिवार

सुटे करण्याचे काम संपत आले. सिस्टिमवर एक पान आहे, त्यात अजून न उघडलेले रिपोर्ट दिसतात. बाकी राहिलेल्या घरी निदान बोभाटा झालेला नाही, म्हणून ते पान काढले. पहिलेच नाव माझे. हसू आले. दुसऱ्यांना रिपोर्ट पाठवून स्वतःचा न बघणारा मीच.

मग शेजारचा आकडा दिसला. सदस्य: तीन.

मी आणि मुलगी, दोन.

करपलेली पोळी आठवली. रविवारीच कशाला. तुमची मेल बघितलीत का. मग तिने काय केलं. दोन आठवडे ही माझ्या बोलण्याची वाट बघत होती, आणि मला वाटत होते, दादाच्या आठवणीने शांत आहे.

आणि दादा. तो वर्षानुवर्षे माझ्यासमोर या कलत्या खुर्चीत बसायचा. माझ्या डब्यातली भाजी खायचा, हिच्या हाताची तारीफ करायचा. त्याला ठाऊक होते. माझ्या बायकोला माझ्यापासून काहीतरी बाजूला ठेवावेसे वाटते, हे त्याला ठाऊक होते, आणि त्याने ते मला कधी कळू दिले नाही. त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. माझ्यातले असे काय हिला दिसले, हे मात्र आता त्याला विचारता येणार नाही.

रिपोर्ट उघडला नाही. एका क्लिकवर उघडला असता. मेल पुसून टाकली. मग माझ्या कुटुंबावर गेलो आणि तिसरे नाव वेगळे केले. सिस्टिमने लगेच विचारले, 'हे सदस्य एकाच घरातले आहेत का?' मी 'नाही' दाबले.

घरी गेलो. ही भाजी निवडत होती. मी समोर बसलो. विचारायची सवय नाही, त्यामुळे दादाच्या लोकांना या आठवड्यात जे विचारत होतो तेच तोंडातून आले.

"तुझा रिपोर्ट कुठे पाठवू?"

तिचे हात थांबले. "बघितलात?"

"नाही. तीन सदस्य एवढंच बघितलं."

तिने माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिले. खरे बोलतोय का ते बघत असावी. मग परत भाजीकडे वळली.

"ऑफिसातच राहू द्या," ती म्हणाली. "मी येऊन बघत जाईन."

"कधी?"

"दादांकडे यायचे तेव्हाच. तुम्ही आंघोळीला गेलात की निघायचे, दुधाचं निमित्त करून."

मला आठवले, आमच्याकडे सकाळी दूध आणायला फार वेळ लागायचा. मी त्यावरून तिला बोललोही आहे.

पैसे कशासाठी आहेत ते विचारावेसे वाटले. दादाने विचारले नव्हते, तेव्हा मीही विचारले नाही.

४ मार्च, सोमवार

सकाळी शटर उघडले. तिच्या खात्यावर 'समक्ष' केले. दोन्ही कप धुऊन ठेवले आणि समोरची खुर्ची पुसली.

आज कोणी आले नाही. उद्याही उघडीन.